कोरड्या हातांची चिमूट

बारामती,
१८ फेब्रुवारी १९९७

प्रिय स्वरूपा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत, कुणाचं लग्न ठरलेलं नाही, आणि तुझ्याकडे काही मागायचंही नाही. म्हणजे एक मागायचं आहे, पण ते शेवटी. आधीच मागितलं तर तू पत्र घडी घालून डब्याखाली सरकवशील. तुझा स्वभाव मला सात वर्षांत पाठ झाला आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी तुला वन्सं म्हणत होते आणि तू पाठीत धपाटा घालून सांगितलं होतंस, की मला आत्तापासून म्हातारी करू नकोस. त्या हक्कानं लिहिते आहे. आगाऊपणा वाटला तर तसलाच एक धपाटा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी राखून ठेव.

आधी गुन्हा कबूल करते. दिवाळीला येऊन तू मिरजेला परत गेलीस, त्यानंतर दोन आठवड्यांत मी दुकानात बसायला लागले. आपल्या तपकिरीच्या दुकानात, पुढच्या पायरीला लागून, आबांच्या शेजारच्या पाटावर. म्हणजे तुझ्या पाटावर. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मी सांगायला हवं होतं, पण तीन महिने हिंमत झाली नाही. पत्र लिहायला घेतलं की तू दिसायचीस, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बोळातून मागच्या दारानं घरात येणारी. स्टँडवरची रिक्षा थेट दुकानापुढे थांबते, तरी तू ओझं घेऊन वळसा घालतेस. माझ्या पहिल्या दिवाळीत मी तुझ्या आईंना विचारलं होतं, की वन्सं पुढून का येत नाहीत. त्या नुसतं "आसंच" म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या. नंतर मी कुणालाच विचारलं नाही.

तर दुकानात बसायची पाळी कशी आली ते ऐक. दिवाळी सरल्यावर तुझे दादा भवानीनगरच्या साखर कारखान्यातून कामावरून परत येताना एक छापील अर्ज घेऊन आले. एसटीडी बूथचा. त्यांचं म्हणणं होतं, तपकिरीचं दुकान बंद करावं आणि तिथे फोन बसवावा. अगदीच चुकीचं बोलत नव्हते ते. तरणी पोरं आता तपकिरीकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना दातानं गुटख्याच्या पुड्या फोडायच्या असतात. तपकीर ओढणारे म्हातारे एकेक करून कमी व्हायला लागलेत. आणि दुकान स्टँडजवळ, फोनला रांग लागेल. आबा सगळं ऐकून घेत सुपारी कातरत बसले होते. मग म्हणाले, "शिमग्यापातूर थांब दादासो. तवर तात्याबाची मंडळी आपल्याकडं टिकली तर दुकान ऱ्हाईल. न्हाय टिकली तर बशीव तुजा फोन, मी पायरीवर बसून ऐकंन." तुला तात्याबा आठवत असतीलच, कारखान्याच्या गेटवर होते ते, पांढऱ्या मिशांचे. आता रिटायर झालेत, पण भवानीनगरच्या बारा-चौदा म्हाताऱ्यांची तपकीर दर महिन्याला तेच नेतात. त्यांनी पाठ फिरवली की दुकानाला कुलूप, असा सरळ हिशोब ठरला.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या छोट्या स्वरालीला शाळेत सोडून आले, तर आबांनी हाक मारली. "सुकन्या, जरा हिकडं ये. ह्येचा वास बग." तपकिरीची बरणी पुढे केली. मला वाटलं, म्हातारपणी कुणाला तरी शिकवावंसं वाटलं असेल. मनातून मी हरखले, खोटं कशाला बोलू. बाजारात एक बाई गल्ल्यावर बसलेली बघायची लोकांना सवय नाही, आणि तपकिरीच्या गल्ल्यावर तर नाहीच. त्यात मी शेळगावची, मेंढरामागं फिरलेल्या घरातली, जरा जास्तच पुढे पुढे करणारी. हळद घ्यावी तशी चांगली भरघोस चिमूट घेतली आणि जोर लावून ओढली. अकरा शिंका, स्वरूपा. काटेवाडीच्या धोंडाबाई दुधाची किटली घेऊन पायरीवर बसल्या होत्या, त्या मोजत होत्या. माझं नाक, डोळे, इज्जत सगळं वाहून गेलं. आबा हसले नाहीत. म्हणाले, "शिंक आली म्हंजी तपकीर कडक न्हाय, माणूस नवखा. वढायची न्हाय तिला. नाकाजवळ न्यायची आन् आपला श्वास आपण घ्यायचा. ती यायची तेवढी यती."

मग त्यांनी मला तपकीर नाकाला लावू देणं बंद केलं. नुसता लांबून वास आणि बोटं. त्यांनी तीन वाट्या मांडल्या, एकीत कोरडी, एकीत ओली, एकीत बरोबर जमलेली, आणि मला डोळे मिटायला लावले. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये चिमूट धरायची, हलकी दाबायची, सोडायची. कोरडी असेल तर सुटते आणि धुळीसारखी उडते. ती नाकात थांबत नाही, घशात उतरते आणि माणूस खोकत बसतो. ओली असेल तर गोळी होऊन बसते. ती नाक चोंदवते आणि आठवड्यात कुबट होते. जमलेली असेल तर अंगठ्याच्या रेघा तिच्यावर उमटतात, आणि नुसता बोटाचा धक्का लागला की मोडते. कागदावर टाकून कागद तिरपा केला की कोरडी सगळी ओघळते, ओली ढेकळासारखी घसरते, आणि जमलेली थोडी चालून थांबते. कानाजवळ चोळली की कोरडीचा करकर आवाज येतो. जाडसर का बारीक, ते अंगठ्याच्या नखावर घासून बघायचं. नवख्याला जाडसर आणि ओलसर द्यायची, कारण ती पुढेच थांबते. बारीक कोरडी फक्त मुरलेल्या नाकाला. हे सगळं तुला ठाऊक आहे. तुला सांगताना मला परीक्षेला बसल्यासारखं होतंय, काही राहिलं असेल तर कळव.

एवढं सगळं कळून मी पंधरा दिवस नापास होत होते. कोरडी वाटी दिली की मी म्हणायची जमली. जमलेली दिली की म्हणायची ओली. रोज. आबा नुसती वाटी उचलून बाजूला ठेवायचे, आणि ते मला झोंबायचं. एकदा तर मी आत येऊन रडले. माझ्या आजीला लोकर चिमटीत धरली की मेंढरू कुठल्या रानात चरलं ते सांगता यायचं म्हणे, आणि तिची नात तीन वाट्या ओळखू शकत नाही. मग एकदा दोन दिवस नळाला पाणी आलं नाही. भांडी मोरीत तशीच, धुणं तसंच. काही काम नाही म्हणून सकाळी सकाळी दुकानात जाऊन बसले. आबांनी वाट्या पुढे केल्या आणि मी पाचच्या पाच वेळा बरोबर सांगितलं. आबांनी माझा हात ओढून घेतला, बोटांची टोकं दाबून बघितली. म्हणाले, "तपकीर वली नव्हती कदी. तुजं हात वलं हुतं." खरंच होतं. सकाळपासून भांडी, धुणं, कणीक, सडा. बाईचे हात वाळतात कधी? पदराला पुसून मी दुकानात जायची, पण बोटांत पाणी मुरलेलं असायचं, आणि मी तपकिरीतली ओल म्हणून माझीच ओल मोजत होते.

त्याच संध्याकाळी आबांनी तुझ्या दादांना फर्मान काढलं, की उद्यापासून सकाळची भांडी तू घासायची. दादांचं तोंड बघायला तू हवी होतीस. कारखान्यात शिफ्टच्या माणसांना कामाला लावणारा गडी, घरी राख आणि काथ्या घेऊन मोरीत. पहिल्या दिवशी दार लावून घासली, बोळातल्या बायांना दिसू नये म्हणून. आता दार उघडं असतं आणि वर मला सांगतात, की तुझी कढई कधी नीट निघतच नव्हती. पण मला आठवतं ते दुसरंच. ज्या दिवशी माझे हात ओले असल्याचं कळलं, त्या दिवशी आबा दुपारी जेवले नाहीत. ताटावरून उठले आणि दुकानात जाऊन बसून राहिले. मला वाटलं पंधरा दिवस फुकट घालवले म्हणून माझ्यावर चिडलेत.

हात जमला आणि मी जरा शेफारले. पौषात मला पडसं झालं, डोकं जड, नाक बंद. नेमकी तेव्हाच दुकानातली एक बरणी तडकली. तात्याबांची तपकीर मुरायला घालायची होती, म्हणून मी घरातली चिनी मातीची बरणी काढली, गरम पाण्यानं तीन वेळा धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि दुकानात दिली. तिच्यात आधी काय होतं? हिंग. लोणच्याच्या मसाल्यासाठी ठेवलेला वर्षभराचा हिंग. आठ दिवसांनी आबांनी बरणी उघडून नेहमीसारखं विचारलं, "काय वाटतं?" मी चोंदलेल्या नाकानं, सवयीनं, छान म्हणाले. आबांनी चिमूट घेतली, दाबली, नाकाजवळ नेली, डोळे मिटले. म्हणाले, "फक्कड." आणि ती तपकीर भवानीनगरला गेली.

चौथ्या दिवशी तात्याबा आले. बाजारचा दिवस, पायरीवर माणसं. त्यांनी डबा आबांपुढे ठेवला आणि म्हणाले, "सावळाराम, तपकीर दिलीस का वरणाची फोडणी? पोरं घरात इचारत्यात, आजोबा आज काय शिजवलंय म्हणून." लोक हसले. डबा उघडला तसा सगळ्या दुकानात हिंगाचा भपकारा सुटला. माझं पडसं तोवर उतरलं होतं, मला लगेच ती चिनी मातीची बरणी आठवली. मी बोलणार तेवढ्यात आबांनी डब्यातून चिमूट घेतली, नाकाला लावली, आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे म्हणाले, "कुठं काय? ब्येस तर हाय." कुणी हसलं नाही मग. तात्याबांनी आबांकडे बघितलं. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि म्हणाले, "मंग माजंच नाक बिगाडलं आसंल गड्या. म्हैन्यानं यतो." डबा तिथेच ठेवून गेले.

आता तुला कळलंच असेल. मलाही तेव्हा कळलं. दोन महिने जे मी शिकवणं समजत होते, ते शिकवणं अर्धंच होतं. दर वेळी आधी मला विचारायचं, मी जे म्हणेन ते ऐकायचं, आणि मग डोळे मिटून मान डोलवायची. मी त्यांची शिष्या होते ती बोटांपुरती. वासापुरतं मीच त्यांचं नाक होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माणसं पांगल्यावर मी त्यांना हिंगाचं सांगितलं, माझीच चूक म्हणून पाय धरले. ते म्हणाले, "तुजी चूक बरणीची. माजी चूक दोन वर्सांची हाय." आधी चहाचा वास गेला, मग गुळाचा, मग तपकिरीचा. भवानीनगरला माल द्यायला गेले होते तेव्हा मळीचा वास आला नाही म्हणून त्यांना वाटलं कारखाना बंद आहे, वर बघितलं तर धुराडं चालू. तिथेच रस्त्यावर बसून राहिले म्हणे. दोन वर्षं नुसत्या बोटांवर दुकान चालवलं आणि कुणाला कळू दिलं नाही. मी त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, जन्मभराची तपकीर आणि वय, दोन्ही मिळून झालंय. परत येईल असं नाही, पण स्वतः ओढणं आजपासून बंद. आबांनी घरी येऊन आपली पितळी डबी रिकामी केली, घासून फळीवर ठेवली. तेव्हापासून एक चिमूट नाकाला लावलेली नाही. चिडचिड मात्र चार माणसांची एकटेच करतात.

दादांना हे सगळं सांगावंच लागलं. त्यांनी अर्ज भरून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "म्हैन्यानं तात्याबा काय म्हंत्यात बगू." म्हणजे आता एकच डाव उरला होता, तात्याबांचा महिना.

या वेळी आम्ही दोघांनी मिळून केली. नवी कोरी बरणी. भुकटी दोनदा वस्त्रगाळ. परातीत पसरून पाण्याचा हबका आबांचा, तुपाचा हात आबांचा, चोळणं माझं. तोंडाला फडकं बांधून मुरायला ठेवली. रोज सकाळी, कोरड्या हातानं, आधी त्यांची चिमूट आणि मग माझा वास. पाचव्या दिवशी आबा म्हणाले, जमली. मला खालून कुठूनतरी किंचित आंबूस आलं. अगदी किंचित. मी म्हणाले, "आबा, न्हाय जमली." माझ्याच तोंडून ते निघालं यावर माझा विश्वास बसेना. चाळीस वर्षं तपकीर करणाऱ्या माणसाला अकरा शिंका देणारी बाई न्हाय म्हणते! मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी बरणी उचलली आणि परातीत उपडी केली. तळाची चार बोटं जाडीची तपकीर ओली होती, गोळे झालेली. वरच्या तपकिरीला त्यांची बोटं फसली नव्हती. तळापर्यंत बोटं पोचतच नाहीत, वास पोचतो. पुन्हा सगळी पसरली, सावलीत सुकवली, पुन्हा भरली. दुपारी जेवताना त्यांनी स्वतः माझ्या ताटात तूप वाढलं.

परवा रविवारी तात्याबा आले. या खेपेला आबांनी चिमूट घेतलीच नाही. पायरीवर पाच-सहा माणसं होती, धोंडाबाई होत्या, तुझे दादा सुट्टी म्हणून दारात उभे होते. सगळ्यांच्या देखत आबा म्हणाले, "तात्याबा, माजं नाक गेलंय. हात माजा हाय, वास सुनंचा हाय. बग आन् सांग." स्वरूपा, मी त्यांना आयुष्यात कधी इतकं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं. तात्याबांनी चिमूट घेतली. दाबली. रेघा बघितल्या. कानाजवळ चोळली. मग नाकाजवळ नेली आणि थांबले. मी पदराचं टोक इतकं पिळलं होतं की अजून सुरकुती गेलेली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शिंक नाही. ते म्हणाले, "आता कशी! समद्यांची बांद." दादांनी मागच्या मागे एक लांब श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

दुकान राहिलं. दादांनी अर्ज फाडला नाही हेही सांगते, आणि मीच फाडू दिला नाही. दुकानाच्या उजव्या अंगाला फळी घालून फोन बसणार आहे. फोनला रांग लागणार आणि रांगेतला माणूस नुसता उभा राहून काय करणार, तो आमच्याकडे बघणार. आणखी एक गंमत. बाई गल्ल्यावर आहे म्हटल्यावर म्हाताऱ्या बाया आता स्वतः येतात. इतकी वर्षं कुणाच्या तरी हाती निरोप धाडून तपकीर मागवायच्या, डबी कनवटीला लपवायच्या. आता धोंडाबाई पायरीवर ऐसपैस बसून, "ही जरा कोरडी दे गं, मागची चिकटत हुती" असं सांगतात. त्यांची बोटं माझ्यापेक्षा तयार आहेत.

पण हे पत्र दुकानासाठी नाही. तात्याबा निघताना जे बोलले त्यासाठी आहे. गाठोडं खांद्याला लावून ते पायरी उतरले आणि वळले. म्हणाले, "ब्येस हाय, सावळाराम. पर खरं सांगू? तुजी ती पोर हितं बसायची न्हाय का, फ्रॉकातली. 'ही आज द्यायची न्हाय, उद्या या' म्हणायची, आन् आमी येडे माघारी जायचो. तसली मंग कवा गावली न्हाय." दिवे लागायच्या वेळेला फळ्या लावताना आबा बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. तुला ठाऊक असलेलीच गोष्ट, पण त्यांच्या तोंडून कशी आली ते तुला कळायला हवं. तू तेरा वर्षांची होतीस. इंदापूरहून कुणी पाहुणी आली होती, तिनं तुझा हात नाकाशी नेला आणि म्हणाली, पोरीच्या हाताला तपकिरीचा वास मारतोय, हिला करणार कोण? आबांनी त्याच दुपारी गिऱ्हाइकांसमोर तुझे हात राखेनं घासले, पायरीवरून उठवून मोरीत भांड्याला बसवलं, आणि पुन्हा इथं दिसायचं नाही म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, "तिच्यासारखा हात माज्या घरात कुणाला नव्हता, मला सुदिक न्हाय. नाक तर न्हायच न्हाय. सुकन्या, तुजं हात वलं हाईत हे कळलं त्या दिवशी मला घास गिळंना. तिचं हात मीच वलं केलं." फळीची कडी त्यांच्याकडून लागत नव्हती. मी लावली. खरं सांगते, मला त्या क्षणी तुझा हेवा वाटला आणि तुझ्यासाठी रडूही आलं, दोन्ही एकदम.

काल सकाळी त्यांनी मला एक पुडी दिली. ती पाकिटात आहे, म्हणूनच पाकीट जाड आहे. त्याच बरणीतली तपकीर, वर मेणकागद, वर वर्तमानपत्र, वर दोरा. दोरा त्यांनी स्वतः बांधला, तीन गाठी मारल्या. म्हणाले, "मिरजेला धाड. वास कसा हाय म्हणावं, कळीव. माजं बोटं म्हंत्यात जमली, सुनंचं नाक म्हंतं जमली. पर तिनं सांगितल्याबिगार मला खरं वाटायचं न्हाय." मी म्हणाले, आबा, आता फोन येतोय, फोनवर विचारा की. तर म्हणाले, "फोनवर माजा आवाज निगायचा न्हाय." तेव्हा हेच ते मागणं. एक पोस्टकार्ड पुरे, वर फक्त जमली की नाही एवढंच. नाही जमली असेल तर नाहीच लिही, खोटं गोड लिहू नकोस. त्यांना तेच हवं आहे, की तू न्हाय म्हणावंस आणि त्यांनी माघारी जावं. आणि सुट्टीत येशील तेव्हा रिक्षा दुकानापुढेच सोड. पाट मी रिकामा करून ठेवते. तुझ्यावर माझी कसलीच जबरदस्ती नाही, बोळ आहे तिथेच आहे. आता घरातली सगळी कामं बाजूला ठेव, अर्धा तास उन्हात बस, आणि हात पूर्ण कोरडे झाले की मगच पुडी सोड.

तुझीच वहिनी,
सुकन्या